शिल्लक एक

आमच्या खडकवण गावाचं स्वातंत्र्य दरवर्षी चौदा ऑगस्टला सकाळी दहा वाजता संपतं, आणि पंधरा ऑगस्टला सकाळी आठ वाजता त्याचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं. मधले बावीस तास गाव पारतंत्र्यात असतं. मी ग्रामपंचायतीत क्लार्क आहे आणि नूतनीकरणाची वही माझ्या ताब्यात असते, त्यामुळे या विषयातलं गावात सगळ्यात जास्त मला कळतं असं माझं मत आहे. सरपंचांचं मत वेगळं आहे, पण वही माझ्याकडे आहे.

याची सुरुवात सत्तेचाळीस सालीच झाली. स्वातंत्र्य मिळाल्याची नोंद करायला गावाकडे एक छापील कागद आला होता. त्यात 'मुदत' असा एक रकाना होता. त्या वेळचे आमचे तलाठी म्हणजे नाकासमोर चालणारे गृहस्थ. कुरणाचा लिलाव, ओढ्यातली वाळू, बाजारातली बसायची जागा, असे त्यांनी जन्मात जेवढे कागद भरले त्या सगळ्यांची मुदत एक वर्ष होती. रकाना मोकळा सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी वळणदार अक्षरात 'एक वर्ष' असं लिहिलं आणि कागद मंजूर होऊन आला.

पुढच्या वर्षी चौदा ऑगस्टला दहाच्या ठोक्याला चावडीवरचा झेंडा आपोआप खाली आला. गावाने वर लिहिलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, तसं सहा महिन्यांनी उत्तर आलं की मूळ नोंदीत बदल करता येत नाही, नूतनीकरण करून घ्यावं. कुणाकडून करून घ्यावं, असं पुन्हा विचारलं, कारण इंग्रज तर बोटीत बसून गेलेले. त्यावर मात्र आठवड्यातच 'स्थानिक पातळीवर व्यवस्था करावी' असं आलं. त्या वर्षी खडकवण फेब्रुवारीत स्वतंत्र झालं. तारीख मात्र मागची टाकली.

तेव्हापासून व्यवस्था अशी आहे. घर क्रमांकाच्या पाळीने गावातला एक माणूस बावीस तास इंग्रज साहेब होतो. त्याला हॅट मिळते, वेताची खुर्ची मिळते आणि कपबशीत चहा मिळतो. चौदाला दुपारी सात जण चावडीपुढे घोषणा देतात, साहेब त्यांना अटक करतो आणि शाळेतल्या चौथीच्या वर्गात ठेवतो. या सात जागांसाठी फार ओढाताण असते. आतमध्ये पोहे देतात म्हणून नव्हे, तर पुढे लग्नाच्या बोलण्यात 'आमच्याकडे दोन वेळा तुरुंगवास झालाय' असं सांगता येतं. पंधराला पहाटे प्रभातफेरी निघते. बाकी गावांतली पोरं 'स्वातंत्र्य दिन चिरायू होवो' म्हणतात, आमची 'स्वातंत्र्य मिळालंच पाहिजे' म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. आठ वाजता साहेब माझ्या वहीत प्रजा किती, पैकी स्वतंत्र किती, शिल्लक किती हे लिहून सही करतो. सही झाल्याशिवाय झेंड्याची दोरी हलत नाही. सही झाली की झेंडा वर जातो, साहेब हॅट काढतो, आणि जिलेबी वाटली जाते.

आणखी एक सांगायला हवं. पारतंत्र्यातल्या माणसाचा पाय ओढ्यावरच्या मोरीपलीकडे पडत नाही. इंग्रजांच्या काळी परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी होती, ती अजून लागू आहे. एकाहत्तर साली एका पैलवानाने सायकलवरून जोरात जाऊन पाहिलं. सायकल पलीकडे गेली, पैलवान अलीकडे राहिला. बावीस तासांचाच प्रश्न असल्याने कुणी फारसं मनावर घेत नाही.

दोन वर्षांपूर्वी बारा ऑगस्टला वैजयंता खराडे पंचायतीत रहिवासी दाखला मागायला आली. वैजू म्हणजे आमच्या पिठाच्या गिरणीवाल्या हिंदुरावची एकुलती एक मुलगी. जिल्ह्याच्या गावी सरकारी दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला होता. सोळा तारखेला दुपारी बाराच्या आत हजर व्हायचं, नाही झालं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला, असं पत्रात स्पष्ट होतं. त्यासाठी सोळाची सकाळची सहा चाळीसची गाडी धरणं भाग होतं, कारण दुसरी गाडी दुपारी दोनची.

"अण्णाकाका, सोळाला काय अडचन न्हाई नव्हं?" तिने विचारलं.

"कसली अडचण? पंधराला आठ वाजता गाव मोकळं."

"यंदा सायेब कोन हाय?"

मी वही उघडली. पाळी घर क्रमांक बावन्नची होती. "तुझेच वडील," मी म्हणालो. तिने दाखला घडी करून पिशवीत ठेवला आणि गेली.

हिंदुराव वाईट माणूस नव्हे. मापात पाप करणारा गिरणीवाला नव्हे. पण राग आला की तो बोलत नाही, गिरणीचा पट्टा उतरवून ठेवतो, आणि तेरा तारखेला गिरणी दिवसभर बंद होती. वैजूच्या नंबराबद्दल कुणी काही विचारलं की तो कानावर हात ठेवायचा.

चौदा तारीख नीट पार पडली. हिंदुरावला हॅट शोभत होती, हे मान्य केलं पाहिजे. त्याने सात जणांना शिस्तीत अटक केली, दोन कप चहा घेतला आणि पंधराला सकाळी आठच्या आधी दहा मिनिटं खुर्चीत येऊन बसला. मी वही पुढे केली. त्याने लिहिलं, सही केली, वही मिटून माझ्या हातात दिली. सरपंच मालनताई गुरव यांनी दोरी ओढली. झेंडा उलगडला, फुलं पडली, टाळ्या झाल्या. पण झेंडा खांबाच्या टोकाला पोचला नाही, वीतभर खाली थांबला.

"गुंता झाला का काय?" मालनताईंनी दोरीला झटका दिला. शाळेच्या गुरुजींनी दिला. मग माझ्या लक्षात आलं आणि मी वही उघडली. प्रजा एक हजार चारशे अकरा. पैकी स्वतंत्र एक हजार चारशे दहा. शिल्लक एक.

"हिंदुराव, हे काय लिहिलंस?"

"सायेब म्हनायचं," हिंदुराव म्हणाला.

"बरं, साहेब. शिल्लक कोण?"

"वैजयंता हिंदुराव खराडे. घर नंबर बावन्न."

"आवं, पोरीला उद्या सकाळच्याला जायाचंय की!" मालनताई म्हणाल्या.

"म्हनूनच," हिंदुराव म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी नियम वाचले. साहेबाने स्वतंत्र झालेल्यांची संख्या नोंदवावी एवढंच त्यात आहे. ती किती असावी हे लिहिलेलं नाही, कारण इतक्या वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शेवटी मला सांगावं लागलं की नोंद कायदेशीर आहे. मला ते सांगताना वाईट वाटलं, पण मी सांगितलं.

वैजू बायकांच्या रांगेत उभी होती. ती रडली नाही. सरळ चालत मोरीपर्यंत गेली. आम्ही सगळे लांबून बघत होतो. तिने पाय उचलला, तो परत होता तिथेच पडला. तिने दोन-तीनदा करून पाहिलं आणि मग परत येऊन चावडीपुढे उभी राहिली, आणि एकटीनेच घोषणा द्यायला लागली. स्वातंत्र्य मिळालंच पाहिजे.

घोषणा देणाऱ्याला अटक करावी लागते. एरवी साहेबाच्या हुकुमावरून हे काम कोतवाल करतो, पण कोतवाल आता स्वतंत्र झाला होता, आणि स्वतंत्र माणसाला साहेबाचा हुकूम लागू होत नाही. म्हणून हिंदुरावला स्वतः उठावं लागलं. वैजू पुढे आणि तो मागे असे दोघं चौथीच्या वर्गाकडे गेले. त्याने बाहेरून कडी लावली आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसला. एक जरी माणूस शिल्लक असला तरी साहेबाचं काम सुटत नाही, हा नियम त्याला मीच वाचून दाखवला. त्याला जिलेबीही मिळाली नाही, कारण ती स्वतंत्र नागरिकांसाठी असते. त्याची बायको शालनवहिनी आपल्या वाटणीची जिलेबी कागदात घेऊन तशाच उभ्या होत्या.

बाराच्या सुमारास पुढचं घोडं अडलं. कैद्याला जेवण देणं सरकारवर बंधनकारक आहे, आणि सरकार म्हणजे आता एकटा हिंदुराव होता. तो ताट आणायला निघाला. साहेब दौऱ्यावर निघाला की क्लार्कने वही घेऊन बरोबर जायचं असतं, म्हणून मीही निघालो.

घर त्याचंच. तो सवयीने पायरी चढला. शालनवहिनी दारात आल्या.

"सायबांनी उंबऱ्याभाईर थांबायचं," त्या म्हणाल्या.

"शालन, अगं मी हाय."

"दिसतंय की. टोपी दिसत्या."

हे त्यांचं बरोबर होतं. साहेबाने प्रजेच्या घरात पाऊल टाकायचं नाही असा संकेत आहे. हिंदुराव पायरीवर थांबला. वहिनी आत गेल्या आणि भाकरी, घेवड्याची भाजी, ठेचा असं ताट वाढून घेऊन आल्या. ते त्याच्या हातात देताना म्हणाल्या, "चोवीस वरसं झाली लगीन होऊन. म्हायेरला जायचं तर तुमाला इचारून. बाजारला जायचं तर तुमाला इचारून. मला वाटायचं, नवरा हाय, इचारावं लागतंय. ही टोपी तुमी काल घातली न्हाई. लई दिस झालं घातल्याला. मला आज दिसली."

हिंदुराव ताटाकडे बघत पायरी उतरला. माझीही नजर खाली गेली. मी लग्न झालेला माणूस आहे, आणि आमच्या घरीही कोण कुणाला विचारून बाजारला जातं हे मला माहीत आहे.

वाटेत पावसाची भुरभुर सुरू झाली. हिंदुरावने हॅट काढून ताटावर धरली आणि शाळेपर्यंत तसाच भिजत आला. साहेबाने हॅट कधी काढावी याबद्दल नियम नाही, त्यामुळे मी हरकत घेतली नाही.

वैजू पहिल्या बाकावर बसली होती. चौथीच्या पोरांचे बाक, तिचे गुडघे त्यात मावत नव्हते. हिंदुरावने ताट तिच्यापुढे ठेवलं आणि तो समोरच्या बाकावर बसला. तोही मावत नव्हता.

"जेव," तो म्हणाला.

"जेवते. पन सायेब, कारन सांगा. मी काय चोरी केली?"

"कारन काय सांगायचं. तिकडं आपलं कुनी न्हाई."

"हिकडं आपलं हायेत, त्यांनीच तर कडी लावलीया."

हिंदुरावने बाकावर कोरलेल्या नावांवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मला भ्या वाटतंय, वैजू."

"भ्या तुमाला वाटतंय, आन् कोंडलंय मला," वैजू म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली. भूक लागली असावी, कारण तिने ताटात काही ठेवलं नाही. हिंदुराव ती जेवेपर्यंत बसून राहिला.

बाहेर आल्यावर मी त्याला शेऱ्याच्या रकान्याची आठवण केली. कुणाला शिल्लक ठेवलं तर त्याचं कारण संध्याकाळी पाचच्या आत लिहावं लागतं. जुन्या नियमांत तीन कारणं दिलेली आहेत. दंगा, बंडाळी आणि साथीचा रोग.

"भीती लिवता येतंय का?" त्याने विचारलं.

"यादीत नाही."

"मग मोकळा ऱ्हाऊ दे रकाना."

"ते कसं चालेल?"

तो चावडीत पेन हातात धरून पाचपर्यंत बसला. दंगा लिहिला नाही, बंडाळी लिहिली नाही, साथीचा रोग तर नाहीच नाही. मालनताई दोनदा येऊन बोलून गेल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. पाच वाजता मी त्या दिवसाचं पान तांबड्या रेघेने बंद केलं. शेरा कोराच राहिला. माझ्या नोकरीत कोरा राहिलेला तो एकच रकाना, आणि त्याची बोच मला अजून आहे. सूर्य मावळायच्या आत झेंडा उतरवला आणि मी घरी गेलो. चौथीच्या वर्गात वैजूला घोंगडी देण्यात आली. शालनवहिनी तिच्या सोबतीला आत जाऊन बसल्या. स्वतंत्र माणसाने तुरुंगात स्वखुशीने बसायला बंदी नाही.

सोळाला सकाळी सहाला हिंदुराव माझ्या दारात उभा. डोळे तांबडे, हॅट काखेत.

"वही आन, अण्णा."

चावडीत येऊन मी वही उघडली. कालचं पान बंद झालेलं, तांबड्या रेघेखाली लिहिता येत नाही. नवीन पान घेतलं, नवीन नोंद क्रमांक टाकला. हिंदुरावने लिहिलं, प्रजा एक, पैकी स्वतंत्र एक, शिल्लक नाही. सही करणार तेवढ्यात मला शेवटचा रकाना दिसला.

"मुदत?" मी विचारलं.

"ते एक वर्ष असतंय की."

"ते गावाच्या नोंदीचं. मूळ नोंदीत बदल करता येत नाही. ही मूळ नोंदच नाही, ही आज नवीन होतेय."

"मग कितीबी लिवता येतंय?"

मी नियम चाळले. वरून आलेली सगळी पत्रं आठवली. "हरकत दिसत नाही," मी म्हणालो.

हिंदुरावने पेन झटकलं. गिरणीत डब्यांवर खडूने नावं लिहायची सवय, त्यामुळे अक्षर ठसठशीत. त्याने 'कायम' असं लिहिलं आणि खाली सही केली. मी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

सहा पस्तीस झाले होते. गुरुजींनी वर्गाची कडी काढली. गाडी येऊन उभी होती, आणि गाव आता जागं होऊन चावडीपुढे आलं होतं. कंडक्टर खाली उतरला.

"किती येळ लागंल?" त्याने विचारलं.

"स्वातंत्र्य मिळंपातूर," मालनताई म्हणाल्या.

कंडक्टरने घड्याळ बघितलं आणि प्रवाशांना खाली उतरायला सांगितलं. कुणाच्या हातात कोंबडी होती, कुणाच्या कडेवर पोर होतं. सगळे ओळीत उभे राहिले. मालनताईंनी दोरी ओढली. झेंडा वर गेला आणि थेट टोकाला लागला. एका माणसासाठी राष्ट्रगीत म्हणण्याची आमची पहिलीच वेळ होती. ते पूर्ण म्हणावं लागतं, ते आम्ही म्हटलं.

वैजू पिशवी घेऊन गाडीच्या पायरीशी आली, थांबली, आणि मागे फिरून वडिलांच्या पाया पडली.

"आबा, जाऊ नव्हं?"

हिंदुरावने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याला आता काही अधिकार नव्हता. हॅट माझ्या हातात होती.

"मला कशाला इचारतीस? तू मोकळी हायेस."

"मोकळी हाय म्हनून तर इचारते."

"जा," तो म्हणाला. मग घाईने म्हणाला, "जा न्हाई, ये म्हनतो मी. ये. पोचलीस की पंचायतीत फोन कर."

गाडी अकरा मिनिटं उशिरा निघाली. मोरीवर सगळ्यांनी श्वास रोखला. गाडी पलीकडे गेली आणि खिडकीतला वैजूचा हातही पलीकडे गेला. साडेदहाला पंचायतीत फोन आला. तो हिंदुरावनेच उचलला, कारण तो सात वाजल्यापासून फोनशेजारीच बसला होता.

पुढच्या वर्षी चौदा ऑगस्टला वैजू सुट्टीवर गावी होती. दहा वाजता झेंडा उतरला आणि गाव नेहमीप्रमाणे पारतंत्र्यात गेलं. वैजू गेली नाही. तिची मुदत संपत नाही. दुपारी तिने मोरी ओलांडून तालुक्याहून एका बाळंतिणीचं औषध आणून दिलं, येताना चार घरांचा बाजार आणला, आणि साहेबाने अडवलं तेव्हा 'तुमचा हुकूम मला लागू न्हाई' असं अदबीने सांगितलं. त्या वर्षीच्या साहेबाने माझ्याकडे बघितलं. मी वही दाखवली. चावडीपुढे बायका गोळा झाल्या होत्या, त्यांनी हे सगळं नीट बघितलं.

सोळाच्या नोंदीबद्दल मी वर कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही. तोपर्यंत नोंद कायदेशीर धरली जाईल.

यंदा साहेबाची पाळी घर क्रमांक चोपन्नची आहे. 'पंधरा तारखेला मला शिल्लक ठेवण्यात यावं आणि सोळाला कायम मुदतीने नवीन पानावर घेण्यात यावं' अशा विनंतीचे आजअखेर बेचाळीस अर्ज माझ्याकडे आले आहेत. प्रत्येक अर्जाला मी पोच दिली आहे. एकेचाळीस अर्ज मुलींचे आहेत. बेचाळिसावा शालनवहिनींचा आहे. अर्जाखाली घरातल्या एका माणसाची शिफारस लागते. तिथं हिंदुरावची सही आहे. मी ती जुन्या वहीतल्या सहीशी पडताळून पाहिली, बरोबर आहे.